प्रेमगीतांची पहिली कॅसेट वाचनालयात हवी

हौशी कवीने पदरचे पैसे घालून छापलेला चारोळ्यांचा संग्रहसुद्धा कायद्याच्या नजरेतून सुटत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. किती जण पाठवतात हा भाग निराळा, पण नियम आहे. त्याच चारोळ्यांना चाली लावून एखाद्या नव्या गायकाने १९९५ साली आठ प्रेमगीतांची कॅसेट काढली असेल, तर तिच्यासाठी असा नियम तेव्हा नव्हता आणि आजही नाही. चित्रपटांना पुण्याचं संग्रहालय आहे. शास्त्रीय आणि लोकसंगीतासाठी १९८२ साली सुरू झालेलं, आता गुरुग्रामला असलेलं अभिलेखागार आहे. भावगीत आणि पॉप यांच्या मधल्या वाटेने गेलेल्या गायक-गायिकांचे पहिले अल्बम मात्र कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सार्वजनिक वाचनालयांनी हे काम स्वतःकडे घ्यावं. मूळ कॅसेटी दान घ्याव्यात, त्या नीट डिजिटल कराव्यात, आणि कंपन्या कधीतरी करतील म्हणून थांबू नये. कारण कोकणातली हवा थांबत नाही, आणि जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवायची सवलत कायद्याने दिलीय ती वाचनालयालाच.

आधी एका रास्त आक्षेपाचं बघू. दशावतार, नमन, जाखडी, भजनी बुवांच्या बाऱ्या एवढं सगळं जपायचं बाकी असताना 'तू नि मी, चांदणं नि किनारा' छापाच्या गाण्यांसाठी वाचनालयाने का राबावं? यात तथ्य आहे. कॅसेट वाजवायच्या डेकवर बसायला आठवड्यातून चारच तास मिळणार असतील, तर ज्या कॅसेटची जगात दुसरी प्रत नाही ती आधी घ्यावी, म्हणजे एखाद्या बुवांचं घरगुती रेकॉर्डिंग किंवा जत्रेतला रात्रभराचा खेळ. त्याच्या पाठोपाठ छोट्या कंपन्यांनी काढलेले पहिले अल्बम, आणि मोठ्या कंपन्यांचा माल सर्वांत शेवटी. पण प्रेमगीत हलकं म्हणून ते रांगेतूनच बाहेर काढणं चूक आहे. दशावतार आजही दर जत्रेत उभा राहतो. १९९५ ची कॅसेट पुन्हा उभी राहत नाही. तो गायक आज तेच गाणं गायला तरी आवाज, पट्टी आणि वादक वेगळे असतात. आणि हळदीला, वाडीतल्या ऑर्केस्ट्रात किंवा एस.टी.च्या लांबच्या प्रवासात लोकांनी खरोखर काय ऐकलं याचा पुरावा या हलक्या म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांतच सापडतो.

पहिला अल्बम वेगळा का जपायचा? गायक नावारूपाला आला की तोच सगळ्यांत आधी गडप होतो. त्यातलं एखादं गाणं 'निवडक'मध्ये जातं आणि बाकीची सात मागे राहतात. पुष्कळदा ते एक गाणंही पुढे नव्याने गाऊन घेतलेलं असतं. मूळ अल्बम हात आखडून केलेला असायचा. स्टुडिओचे तास मोजलेले. व्हायोलिनचा ताफा, बेस आणि ताल हे सगळं एकाच कीबोर्डवर. फार तर बासरी, गिटार आणि तबला प्रत्यक्ष वाजवलेले. गळ्याचा सूर यंत्राने सरळ करणारं ऑटोट्यून बाजारात आलं १९९७ साली. त्याआधीच्या कॅसेटवर लागलेला सूर गळ्यातूनच आलेला आहे, थोडा चढला असेल तर चढलेलाच. संथ लयीच्या प्रेमगीतात हे फार कळतं, कारण आवाज माइकच्या अगदी जवळ असतो आणि मागे लपायला ढोलकी नसते. त्या गायकाची पुढची वाटचाल समजून घ्यायची तर सुरुवातीला तो श्वास कुठे तोडायचा, लांब स्वर कुठे सोडून द्यायचा, हे इथेच ऐकावं लागतं.

शिवाय कॅसेटचा अल्बम दोन बाजूंचा असतो. दोन्ही बाजू साधारण सारख्या लांबीच्या व्हाव्या लागत, नाहीतर एका बाजूच्या शेवटी कोरी फीत उरे. त्या हिशोबात कधी अंतरा कापला जाई, कधी मधलं संगीत वाढवलं जाई. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं दुकानदाराने गिऱ्हाइकाला ऐकवायचं म्हणून निवडलेलं, तर जरा धाडसाची चाल दुसऱ्या बाजूला मागे ढकललेली. ॲपवर गाणी सुटी झाली की ही मांडणी जाते. कॅसेटच्या डबीतलं छापील इनले कार्डही जातं, आणि त्याच्यासोबत कवी, संगीत संयोजक, बासरीवाला, ध्वनिमुद्रक यांची नावं. ॲपवर बहुधा गायकाचं नाव तेवढं राहतं आणि सालाच्या जागी फेरप्रकाशनाचं साल पडतं. ज्या पोराने तीन रात्री जागून कीबोर्डवर सगळा वाद्यमेळ बसवला, त्याचं नाव छापलेला तो वीतभर कागद हीच त्याच्या कामाची एकमेव नोंद असू शकते.

ज्यावरून प्रती काढल्या ते मूळ मास्टर कंपनीकडे असेलच की, असं वाटतं. मोठ्या कंपन्यांकडे असेलही. लहान कंपन्या बंद पडल्या, विकल्या गेल्या, गोदामं रिकामी झाली. त्या काळातले बरेच मास्टर डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) टेपवर होते, आणि डॅटची यंत्रं बनवणं सोनीने २००५ साली थांबवलं. म्हणजे टेप मिळाली तरी ती वाजवायची कशावर हा प्रश्न उरतो. अशा अल्बमची दुकानात विकलेली कॅसेट हीच हाताशी असलेली सगळ्यांत चांगली प्रत.

आणि त्या कॅसेटी आहेत कुठे? चाकरमान्यांच्या बंद घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, आखाती देशांतून आणलेल्या टू-इन-वनच्या शेजारी फळीवर. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून बसते. चुंबकीय फीत ठेवायला ३० ते ५० टक्के आर्द्रता बरी. ६५ च्या वर ती आठवडेच्या आठवडे राहिली की बुरशी धरते. फितीचा पॉलिएस्टरचा पाया टिकाऊ असतो, पण लोहकण धरून ठेवणारा लेप ओल शोषतो आणि हळूहळू सुटतो. वाजवताना हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी भुकटी जमते ती त्याचीच. किनाऱ्यालगतच्या घरात खाऱ्या वाऱ्याची भर. स्क्रू गंजतात आणि फितीमागच्या छोट्या पॅडची तांब्याची पट्टी हिरवी पडते. पॅडचा गोंद वाळला की पॅड गळून पडतं. मग आवाज दबका आणि येतो-जातो असा होतो, आणि माणूस 'कॅसेट मेली' म्हणून फेकून देतो. बिघाड दोन रुपयांच्या फेल्टच्या तुकड्याचा असतो.

कॅसेट हातात आली की ती लगेच वाजवून बघायची नाही. सर्वाधिक नुकसान इथेच होतं. आधी खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात बघायचं. गुंडाळीच्या कडेवर पांढरे धागे किंवा पिठासारखा थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट झिपच्या पिशवीत घालून बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची. तीच डेकमध्ये घातली तर बीजाणू हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. मग ती हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत वाळू द्यायची. पाच लिटरच्या डब्याला शंभरेक ग्रॅम जेल आणि आत आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर पुरतो. आकडा ५० च्या वर चढला की जेल बदलायचं. जेलच्या जागी तांदूळ ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नये. तांदळाची भुकटी कवचात जाते आणि बुरशीला आयतं खाद्य होतं. वाळल्याने बुरशी मरत नाही, निद्रिस्त होते, पण वाळलेली बुरशी मऊ ब्रशने झाडता येते. ओली पुसायला गेलं की ती लेपासकट फरफटते. झाडताना एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच, आणि हे काम वाचकांच्या बसायच्या खोलीत करायचं नाही.

पुरात भिजलेल्या कॅसेटची गोष्ट आणखी वेगळी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या वेळी लोक भिजलेलं सगळं सामान उन्हात पसरतात. कॅसेट उन्हात घालू नये, कवच वाकतं. ती उघडून, चिखल सुटेपर्यंत स्वच्छ आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने हलकेच धुऊन, सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायची. ओव्हनमध्ये टेप 'भाजण्याचे' व्हिडिओ बघून तो प्रयोग कॅसेटवर करू नये. तो उपाय मुख्यतः स्टुडिओतल्या विशिष्ट रिळांसाठी, नियंत्रित तापमानात करायचा असतो.

दुरुस्तीत फार अवघड काही नाही. पाच स्क्रूंचं कवच उघडतं. चिकटवलेलं कवच असेल तर सांध्यावर पातळ पातं फिरवून फोडावं लागतं, आणि फीत नव्या स्क्रूच्या कवचात बसवायची. तुटलेली फीत कॅसेटच्या जोडपट्टीनेच जोडावी. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि पुढचा वेढा चिकटून बसतो. जुन्या कॅसेटच्या मागच्या कडेला भोकांवर सेलोटेप लावलेला दिसला तर सावध व्हावं. कुणीतरी ती पुन्हा टेप करण्याजोगी केलेली असते आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर मुलीच्या बारशाचा गलका निघतो. (तो गलकाही ठेवावा, पण वेगळ्या नावाने.) अशा कॅसेटवरचे सेलोटेप आधी काढून टाकायचे, म्हणजे रेकॉर्डचं बटण चुकून दाबलं तरी दाबलं जाणार नाही.

आता डेक. शंभर-दोनशे गाणी झटपट एमपी-थ्री करून देणारी यूएसबीची स्वस्त डबी घेऊ नये. तिच्यात वेग स्थिर राहत नाही, लांब स्वर थरथरतो, आणि प्रेमगीतात लांब स्वरच तर ऐकायचे असतात. जुना पण चांगल्या बनावटीचा डेक मिळवून त्याचे बेल्ट आणि पिंच रोलर (फीत ओढणारी रबरी चाकं) बदलून घ्यावेत. दमट हवेत जुना बेल्ट डांबरासारखा होतो. दर चार-पाच कॅसेटींनंतर हेड ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावं. रबराच्या रोलरला मात्र सौम्य साबणाचं पाणी बरं.

सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत मोठा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे अझिमथ, हेडचा फितीशी असलेला कोन. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. हेड केसभर तिरकं असलं तरी उंच स्वरांची धार जाते. हेडशेजारी एक बारीक स्प्रिंगचा स्क्रू असतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकत तो अष्टमांश वळशाने इकडे-तिकडे फिरवायचा. गाण्यातला 'स' आणि 'श' ओलसर, तोंडात रुमाल धरल्यासारखा येत असतो तो एका जागी लख्ख सुटतो. तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण प्रती काढणारं प्रत्येक यंत्र वेगळं होतं. जुन्या कॅसेटचा आवाज 'असाच असतो' असं समजून लोक पुढे संगणकावर ट्रेबल वाढवतात आणि खरखर तेवढी वाढते.

इनलेवर डॉल्बीची (फितीची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेची) खूण असेल तरच डेकचं डॉल्बी चालू करावं. खूण नसताना चालू केलं तर आवाज मंद होतो. वेग तपासायला नव्वदीच्या अल्बमात एक सोय आहे: कीबोर्ड. कारखान्यातून आलेला कीबोर्ड बहुतेक ४४० हर्ट्झवर (पाश्चात्त्य 'ए' सुराच्या ठरलेल्या मापावर) लावलेला असतो. ट्यूनर ॲपवर सगळं गाणं सारख्याच प्रमाणात चढं किंवा उतरं दिसलं तर वेगावर संशय घ्यावा. पूर्ण अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांची चूक. तशी ती क्वचितच असते, पण पाव स्वराचा फरक सर्रास आढळतो, आणि त्याने गायकाचा आवाज उगाच कोवळा किंवा जाडा वाटतो. पेटीवर बसवलेल्या गाण्याला मात्र ही कसोटी लावू नये.

संगणकात घेताना लाइन-इन असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज संगणकात नेणारी पेटी, वापरावा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसली की बहुधा एकच चॅनेल येतो. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघावा, अर्ध्या वेळा तेवढ्याने भागतं. २४ बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या खाली. ९६ वर तासाभराची कॅसेट सुमारे दोन गिगाबाइट होते, म्हणजे हजार कॅसेटींना दोन टेराबाइट. खर्चाचा बाऊ करण्याइतकं हे मोठं राहिलेलं नाही. महाग पडतात ते माणसाचे तास. तासाच्या कॅसेटला तपासणी, वाजवणं, ऐकणं आणि नोंद धरून तीन तास मोजावेत. एक माणूस दिवसाला नीट दोन कॅसेटी करतो. पाच होतात असं सांगणारा ऐकत नसतो.

मूळ फाइलवर खरखर काढण्याचा कसलाही उपचार करायचा नाही. खरखर काढताना बासरीतली फुंक आणि गायिकेचा श्वास जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. साफसफाई हवी तर प्रतीवर करावी. इनले कार्ड दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्यावरची नावं, कॅटलॉग क्रमांक, पत्ता, छापील किंमत देवनागरीत टंकून ठेवावी. फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक घाटावर, म्हणजे किनाऱ्यावर वादळ-पूर आला तरी ती सुटते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगड-दापोलीकर विसरलेले नसतील.

कायद्याकडे येऊ, कारण वाचनालयंच का याचं उत्तर तिथे आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्या वर्षाच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं चालतो. १९९५ ची कॅसेट मोकळी होणार १ जानेवारी २०५६ ला. मालवणच्या माळ्यावर ती तोवर तग धरणार नाही. शब्दांचा हक्क वेगळा, तो कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. वेंगुर्ल्याचेच दोन कवी घ्या: आरती प्रभू १९७६ साली गेले, त्यांच्या कवितांचा हक्क २०३६ अखेर संपेल, मंगेश पाडगावकर २०१५ च्या डिसेंबरात गेले, त्यांचा २०७५ अखेर. एकाच कॅसेटवर दोघांची गाणी असतील तर हक्कांच्या मुदती अशा निदान तिहेरी पडतात.

पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक उपकलम आलं: नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीच असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणं हा भंग नाही. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. प्रत ग्रंथालयाची हवी, म्हणून कॅसेट उसनी आणून, टेप करून परत देणं चालणार नाही. दानपत्र लिहून, दाखल नोंदवहीत चढवून, क्रमांक टाकूनच घ्यावी. गल्लीतल्या दुकानात भरून घेतलेल्या मिश्र गाण्यांच्या कॅसेटवर ही सवलत ताणू नये, छापील मूळ प्रतच धरावी. आणि सवलत साठवण्याची आहे, वाटण्याची नाही. उत्साहाच्या भरात अल्बम यूट्यूबवर चढवला की वाचनालय आपली कायदेशीर जागा स्वतःच्या हाताने सोडतं. हौशी संग्राहक नेमकं हेच करतात. त्यांची तळमळ खरी, पण एका तक्रारीसरशी त्यांचं चॅनल बंद होतं आणि तिथे असते तीही दाबलेली, खरखर काढलेली प्रत. त्यांनी मूळ कॅसेट वाचनालयाला द्यावी. अल्बम पुन्हा बाजारात आणायचा असेल आणि हक्कदार सापडतच नसेल, तर कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो. त्यासाठी आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. ते काम प्रकाशकाचं, वाचनालयाचं नव्हे.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आणि चिपळूणचं वाचन मंदिर १८६४ चं. जुनी पुस्तकं वाळवी आणि पाण्यापासून वाचवण्याचा एवढा दीर्घ अनुभव असलेल्या संस्था महाराष्ट्रात फार नाहीत. दाखल नोंदवही, दानपत्र, पावसाळी निगराणी हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे; नवीन आहे ते फक्त यंत्र. प्रत्येक लहान वाचनालयाने डेक घ्यायची गरजही नाही. जिल्ह्याला एक चांगला डेक आणि एक शिकलेला माणूस पुरे. सरकारी प्रतवारीत क आणि ड वर्गात येणाऱ्या लहान वाचनालयांनी कॅसेटी गोळा करून, वाळवून, नोंदवून तिथे पाठवाव्यात.

वेळापत्रक कोकणाने आधीच ठरवून दिलेलं आहे. गणपतीला बंद घरं उघडतात, मुंबईकर माळे साफ करतात, आणि विसर्जनानंतर जुनं सामान कचऱ्यात जातं. आवाहनाची पाटी चतुर्थीच्या आधी लागायला हवी, आणि कॅसेटी टाकायची पेटी पडवीत न ठेवता आतल्या कोरड्या खोलीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर वाळवणीला आणि नोंदीला द्यावा, डिसेंबर ते फेब्रुवारी डेक चालवावा. मिरगाच्या आधी सगळ्या कॅसेटी परत जेलच्या डब्यांत गेल्या पाहिजेत. डेक मात्र आत्ताच शोधावा. तालुक्याच्या गावात टेप दुरुस्त करणारे जे एक-दोन म्हातारे मिस्त्री उरलेत, त्यांच्याकडून बेल्ट बदलून घेताना वाचनालयातल्या एखाद्या पोराला शेजारी बसवावं, आणि त्याच वेळी बेल्टचे दोन जोड जादा मागवून ठेवावेत.